चौघांचं टेबल

५ फेब्रुवारी

प्रिय मौनी,

अगं, काल तुझी गाडी सुटली आणि इकडे माझा चष्मेवाला अशील ऑफिसात परत हजर! मला वाटलं छत्रीबित्री विसरला असेल. तर समोरच्या खुर्चीत बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. पाणी दिलं, खिडकी उघडली, पंखा लावला. मला अशा वेळी काय करावं कळत नाही, तुला माहीतच आहे. शेवटी म्हणाला, "मॅडम, संसार चालू होता तेव्हा आम्ही दोघं इतकं शांतपणे कधीच बोललो नाही. आता मोडताना बोललो." मग नाक पुसलं आणि दुकान उघडायला गेला.

मला काल रात्री किती बरं वाटलं म्हणून सांगू! कोर्टात होतो तेव्हा आपण दोघी एकमेकींच्या अशिलांची लक्तरं वेशीवर टांगायचो आणि मधल्या सुट्टीत एकाच डब्यातलं खायचो. पोटच्या पोरांना साक्षीला उभं केलेलं पाहिलंय आपण. त्यापेक्षा हे आपलं टेबल शंभर पटीने बरं.

परवा बाररूममध्ये एका बुजुर्ग वकिलांनी मला खोचकपणे विचारलं, "काय हो, तुमचं ते चौघांचं टेबल म्हणजे नेमकं काय?" मी म्हटलं, नवरा, बायको आणि दोघांचे वकील. टेबलावर काही लपवायचं नाही. कुणी कोर्टाची पायरी चढलं की दोन्ही वकिलांनी केस सोडायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही, म्हणजे भांडण पेटवण्यात वकिलाला गोडी उरत नाही. अशील खाजगीत जे सांगेल ते मात्र वकिलाच्या पोटात राहायचं. आणि अशील काही लपवतोय असं कळलं, नि तो उघड करायला तयार नसला, तर वकिलाने मुकाट्याने उठून जायचं, का ते न सांगता. हे शेवटचं कलम तुझंच. मी तेव्हाही म्हटलं होतं की हे कशाला, आणि बघ, आजवर एकदा तरी लागलंय का? बुजुर्ग म्हणाले, "छान आहे, पण मग तुमचं पोट कसं भरतं?" मी म्हटलं, "तुमच्या अशिलांच्या शिव्या खाऊन नाही भरत, एवढं नक्की."

तर आता उरलंच काय? मुलगी शाळेच्या दिवसांत तुझ्या नर्सबाईकडे, शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी माझ्या चष्मेवाल्याकडे. त्याला बाकी घर नको, सामान नको. बटण हातातून जायला नको, एवढं एकच त्याचं म्हणणं. (मुलीला तो बटण म्हणतो. तिला पाहिलंस की कळेल का ते.) तो सुट्टीतल्या प्रवासाचा मुद्दा तेवढा अडलाय. मुलीला घेऊन परदेशी बहिणीकडे तीन आठवडे जायचं म्हणतेय ना ती, त्याला ते रुचत नाहीये. पण मी पटवते त्याला. कुठेतरी कुणीतरी आधी विश्वास टाकायला हवाच ना?

आणि हो, काल सगळ्यांसमोर मी म्हणाले की आमच्या मौनीबाईंना कागद सात वेळा वाचल्याशिवाय घोट उतरत नाही, ते मनावर घेतलं नाहीस ना?

तुझी,
टिटवी


१४ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

पत्र मिळालं. घोट उतरतोय.

बैठक चांगली झाली हे खरं. चष्मेवाला रडला हे वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. माझी बाई रडत नाही. येताना गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "दमलात का?" तर म्हणाली, "नाही, मला सगळं मान्य आहे."

टिटवे, मला हेच खटकतंय. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. माणसं मुलांवरून जितकी भांडतात तितकीच सोफ्यावरून, पडद्यांवरून, मिक्सरवरून भांडतात. ज्या घरात राहायचं असतं त्या घरात काय असावं याबद्दल माणसाचं काहीतरी म्हणणं असतं. हिचं काहीच नाही. कपाट? राहू दे त्यांना. धुण्याचं मशीन? राहू दे त्यांना. माझ्या यादीपुढे ती "राहू दे त्यांना" म्हणत गेली आणि मी खुणा करत गेले.

कदाचित थकली असेल. रात्रपाळ्या करते, मुलीला शेजारणीकडे ठेवून जाते. इथे तिचं म्हणावं असं कुणी नाही. माझ्याच मनात पाल चुकचुकतेय असं समज. तरीही प्रवासाच्या सहीची घाई करू नकोस. आधी बाकीचं कागदावर येऊ दे.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते. म्हणते, ती बडबडी कधी येणार?

मौनी


२० फेब्रुवारी

प्रिय मौनी,

धन्य आहेस बाई तू! कुणी सोफ्यावरून भांडलं तरी तुला त्रास, नाही भांडलं तरी त्रास. आता काय तुझ्यासाठी त्यांना मिक्सरवरून हमरीतुमरीवर यायला सांगू?

मला वाटतं तू माझ्यावर फुगलीस. "घोट उतरतोय" म्हणे! सरळ म्हण ना, टिटवे, चारचौघांत माझी टर उडवलीस, मला आवडलं नाही. कॉलेजात असल्यापासून तुझं हेच. मनातलं मनात ठेवायचं आणि समोरच्याने ओळखायचं. मी काही मन वाचायचा क्लास लावलेला नाही.

बरं, ते जाऊ दे. मी त्या दोघींची जायची-यायची तिकिटं मागवून घेतली, परतीच्या तारखेसकट. बहिणीचा पत्ता, फोन, सगळं आहे. तुझी बाई जे मागावं ते लगेच पाठवते, कधी कुरकुर नाही. चष्मेवाला अजून अडून बसलाय. म्हणतो, "मॅडम, माझं मन धजत नाही." मी म्हटलं, अहो, तुमची बायको मुलीला मावशीकडे नेतेय, चंद्रावर नाही. तुम्ही आज मुठी आवळून बसलात तर उद्या ती पण आवळेल, आणि मग टेबल गुंडाळायचं आणि कोर्टात जायचं. जायचंय का कोर्टात? नाही म्हणाला. विचार करून सांगतो म्हणाला.

मार्चच्या शेवटी शेवटची बैठक तुझ्याकडे ठेवू. तुझ्या आईला सांग, बडबडी येतेय.

टिटवी


९ मार्च

प्रिय टिटवे,

मी ही केस सोडते आहे. आज ऑफिसमार्फत रीतसर कळवलं आहे, ते तुला मिळेल. त्यात एकच ओळ आहे. या पत्रातही मला फार काही लिहिता येणार नाही.

कारण विचारू नकोस. तू आजवर मला न विचारता काहीच सोडलेलं नाहीस, हे एवढं सोड.

फोन करशील, मी उचलणार नाही. उचलला तर तू बोलशील, मग मी बोलेन.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. माझी तब्येत उत्तम आहे. आई ठणठणीत आहे. माझ्याकडे काम फार झालेलं नाही. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय. नीट वाच.

मौनी


१७ मार्च

मौनीबाई,

किती वेळा फोन केला मोजलं नाही. तुझ्या कारकुनाला आता माझा आवाज ऐकला की घाम फुटत असेल बिचाऱ्याला.

रागावलेली नाहीस म्हणे! जो माणूस खरंच रागावलेला नसतो तो कधी लिहितो का, मी रागावलेलो नाही म्हणून? अगं, इतकी वर्षं ओळखते मी तुला. कॉलेजात माझ्यामुळे तुझं वक्तृत्वाचं बक्षीस गेलं तेव्हाही असंच म्हणाली होतीस, "मी रागावलेले नाही," आणि मग सहामाही परीक्षेपर्यंत माझ्याशी बोलली नव्हतीस.

मला फार लागलं, मौनी. एका फालतू चेष्टेवरून तू आपलं टेबल उधळून मोकळी झालीस? माझ्यावर राग होता तर मला झापायचंस, चारचौघांत झापायचंस. त्या दोन बिचाऱ्यांनी आणि त्या पोरीने काय घोडं मारलं होतं? तुझ्या नर्सबाईने नवी वकीलबाई शोधली, कालच भेटले. चुणचुणीत आहे, कागद दोनदाच वाचते.

चष्मेवाला घाबरला होता. "त्या बाईंनी का सोडलं?" असं सारखं विचारत होता. मी म्हटलं, आमच्या दोघींतलं काहीतरी आहे, तुमच्या केसशी त्याचा संबंध नाही. मग मी ठरवलं, तू उधळलंस तर उधळलंस, मी सावरून दाखवते. त्याला समोर बसवलं, समजावलं, प्रवासाच्या संमतीवर त्याची सही घेतली. म्हणाला, "तुमच्या शब्दावर करतोय." त्या दोघी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघतात.

घे, तुझ्याशिवाय झालं. आता तरी हस आणि फोन उचल.

टिटवी


२२ मार्च

टिटवे,

पत्र आजच मिळालं.

तू मागे हटणार नाहीस हे मला माहीत असायला हवं होतं. मी तुला काही सांगू शकत नाही. या केसबद्दल नाही आणि तिच्या बाहेरचंही नाही.

मैत्रीण म्हणून एक मागते. मुलगी निघण्याआधी ती काही दिवस तिच्या बापाकडे राहील असं बघ. नुसते शनिवार-रविवार नाही, जास्त. आणि त्याला विमानतळावर जाऊ दे. लहान मुलांचा निरोप नीट घ्यावा.

मौनी


३ मे

मौनी,

त्या दोघी परत आल्या नाहीत.

परतीच्या दिवशी चष्मेवाला दुकान बंद करून विमानतळावर उभा होता. विमान आलं, माणसं बाहेर आली, संपली, सफाई करणाऱ्या बायका झाडू लागल्या, तरी हा उभाच. मग तिने निरोप पाठवला. मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलंय, आपल्याला तिथल्याच हॉस्पिटलात नोकरी लागलीय, आपण परत येणार नाही, शोधायला येऊ नये. नवी वकीलबाई माझ्यासमोर रडली. तिला खरंच काही माहीत नव्हतं. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगते.

चष्मेवाला माझ्याकडे आला. रडला नाही या वेळी. उभा राहूनच म्हणाला, "मॅडम, मी नको म्हणत होतो. तुम्ही म्हणालात म्हणून मी सही केली." बसा सुद्धा म्हणता आलं नाही मला.

आणि पुढचं ऐक. त्याला आता कोर्टात जायचंय, इथल्या आणि तिथल्या. आणि मी त्याच्यासोबत जाऊ शकत नाही. आपणच लिहिलंय ना, कोर्टात गेलं की वकिलाने उठायचं! जिच्या शब्दावर त्याची पोर गेली तीच बाई त्याला म्हणते, माफ करा, आता दुसरा वकील बघा. त्याला सगळं पहिल्यापासून एका परक्या माणसाला सांगावं लागेल. तिथल्या कोर्टात असल्या केसेस किती रेंगाळतात याची चौकशी केली मी. तोवर बटण तिथलीच होऊन जाईल, असं तिथले वकील स्वतः सांगतात.

तू लिहिलं होतंस, त्याला विमानतळावर जाऊ दे. मी त्याला जाऊ नका म्हटलं होतं, मौनी. मला वाटलं तिथे रडारड होईल, पोर बावरेल. सोमवारी सकाळी शाळेच्या दारात तिला सोडलं ते शेवटचं. त्याने तिला घाई केली म्हणे, घंटा झाली होती म्हणून.

काल रात्री तुझी सगळी पत्रं काढली. नऊ मार्चचं पत्र कितीदा वाचलं ते मलाच माहीत नाही. रागावलेली नाहीस, आजारी नाहीस, आई बरी आहे, काम फार नाही. मग उरतं काय? एकच कारण उरतं. तुझंच कलम.

तुला माहीत होतं. तिने तुला सांगितलं होतं. हो की नाही, एवढंच लिही. बाकी एक अक्षर नको.

टिटवी


१० मे

टिटवे,

तू म्हणतेस तेवढंही मी लिहू शकत नाही. माझ्या खोलीत, माझ्यासमोर बसून कुणी काही बोललं असेल किंवा नसेल, ते माझ्यासोबत सरणावर जाईल. तू माझ्या जागी असतीस तर तुझंही गेलं असतं. तू आरडाओरडा केला असतास, मला फोन करून तासभर त्या कलमाला शिव्या घातल्या असत्यास, पण बोलली नसतीस. तुझ्या अशिलांनी तुला सांगितलेलं काय काय तू पोटात घेऊन बसलीयेस हे मी कधी विचारलं नाही.

माझ्याबद्दल मात्र मी सांगू शकते.

तुझं सतराचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या गावी आले होते. ऑफिसात काही न सांगता गाडीत बसले. तुझ्या ऑफिसासमोर ते झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे उभी राहिले. तू खिडकीत होतीस, फोनवर कुणाला तरी झापत होतीस, हातवारे चालले होते. जिना चढायचा आणि दार ढकलायचं, बाकी काही बोलावं सुद्धा लागलं नसतं. तू माझं तोंड बघूनच ओळखलं असतंस, आणि मला ते चाललं असतं. मी तेवढ्यासाठीच आले होते.

मग तुझा चष्मेवाला आला. मुलगी होती त्याच्यासोबत. तिचा चष्मा तिच्या नाकावरून घसरत होता, तर तो रस्त्यातच उकिडवा बसला, खिशातून छोटा पेचकस काढला आणि काडी पिळून दिली. ती तोवर त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. मग दोघं तुझ्या जिन्याने वर गेले.

आणि मी परत स्टेशनावर गेले. टिटवे, मी गेले. त्या दिवशी मी वर आले असते तर उद्या कुठल्याही बाईने, कुठल्याही पुरुषाने आपल्यासमोर तोंड उघडताना विचार केला असता. ज्या बायका मार खाऊन येतात आणि फक्त मलाच सांगतात, त्यांचं काय झालं असतं? हे मी स्वतःला गाडीत सांगत होते, पूर्ण रस्ताभर. ते खोटं नाही. पण ते सांगून मला झोप लागत नाही. ती पोर त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी असलेली दिसते.

माझ्या दारावरची पाटी मी काढून टाकली. टेबलाची कामं आता घेणार नाही. कोर्टातही जाणार नाही. मृत्युपत्रं करून देईन लोकांना, ती माणसं भांडायला परत येत नाहीत.

तू मला माफ करावंस असं म्हणत नाही. उत्तर मात्र लिही.

मौनी


२९ ऑगस्ट

मौनी,

उत्तराला इतका उशीर झाला कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. मला! मला सुचत नव्हतं!

तू स्टेशनावर परत गेलीस ते वाचून पहिले काही दिवस मी तुला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नकोस. भांडी घासताना, केस विंचरताना, कोर्टाच्या रांगेत उभी असताना. मग हळूहळू शिव्या माझ्याकडे वळल्या. तू नियमात राहून जेवढं सांगता येईल तेवढं सगळं सांगितलं होतंस. तू लिहिलं होतंस, नीट वाच. मी वाचलं आणि मला त्यात मीच दिसले. माझा विनोद, माझा मान, माझ्यावरचा रुसवा. त्या माणसाचं मन धजत नव्हतं आणि मी तुझी खोड मोडायला त्याचा हात धरून सही घेतली. हे असं आहे. दुसरं काही नाही.

चष्मेवाल्याचा नवा वकील बरा आहे, पण तिथल्या कोर्टाने पहिल्याच तारखेला सांगितलं की मुलगी रुळली आहे, सध्या हलवू नये. तिच्या आईने फोन बदललाय. त्याचं पोरीशी एकदाही बोलणं झालेलं नाही. दुकान उघडतो, गिऱ्हाईकांच्या चष्म्याचे नंबर काढतो, संध्याकाळी बंद करतो. मी त्या रस्त्याने जायचं टाळत होते.

परवा मात्र तो स्वतःच आला, कागदपत्रं न्यायला. जाता जाता विचारलं, "मॅडम, त्या वेळी कुणालाच काही कळलं नव्हतं का हो? काहीच खूण नव्हती?" इतके महिने मी या प्रश्नाला घाबरत होते. खोटं बोलायची सगळी तयारी होती माझी. पण बोलवेना. मी त्याला खरं सांगितलं. म्हटलं, त्या बाई केस सोडून गेल्या, आणि जाताना मला त्यांनी लिहिलं होतं की मी आजारी नाही, रागावलेले नाही, नीट वाच. त्यांना एवढंच लिहिता येत होतं. मी नीट वाचलं नाही. मला वाटलं त्या माझ्यावर रुसल्यात. आणि मी तुमची सही घेतली.

मला वाटलं तो ओरडेल. कागद माझ्या तोंडावर फेकेल. मला ते हवंच होतं. त्याने कागद नीट पिशवीत घातले. मग म्हणाला, "मग आता तुमचं दोघींचं बोलणं आहे का?"

मी म्हटलं, "पत्रं लिहितो."

"बरं आहे तुमचं," म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

म्हणून हे शेवटचं, मौनी. तू लिहू नकोस असं म्हणणार नाही, तुला वाटलं तर लिही. पण त्या माणसाला त्याच्या पोरीचा आवाज ऐकायला मिळेपर्यंत मी तुझं पाकीट उघडणार नाही. तुला शिक्षा म्हणून नाही. तुझं पत्र आलं की मला आनंद होतो, आणि तो आनंद आता मला घेववत नाही.

आईला सांग, बडबडीला यायला जमणार नाही.

टिटवी